मंत्रिमहोदय, खरेदीआधी निदेशकांना शिकवा

मा. मंत्री, कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नाविन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

सनविवि.

कोणत्या आयटीआयला किती संगणक दिले, याचा हिशेब आपल्या विभागाकडे असणारच. त्यांवर फिटर, टर्नर, वेल्डरचे तास किती झाले, हे कधी विचारलं गेलंय का? मी टर्नर ट्रेडचा निवृत्त शिल्प निदेशक, म्हणजे आयटीआयचा शिक्षक. संगणकाशी माझं वैर नाही, उलट तो हवाच आहे.

सीएनसी लेथचंच घ्या, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर धातू कापणाऱ्या यंत्राचं. शिकाऊ मुलाने प्रोग्रॅममध्ये जी०१ ऐवजी जी०० लिहिलं, तर टूल कापण्याच्या वेगाने न सरकता भरधाव जॉबमध्ये, म्हणजे कापायच्या तुकड्यात, घुसतं. सिम्युलेटरवर पडद्यावर धडक दिसते, तुकडी हसते, मुलगा ओळ दुरुस्त करतो. खऱ्या मशीनवर इन्सर्ट, म्हणजे टूलचं पातं, तर जातोच, नशीब फुटकं असेल तर जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलचंही काम निघतं. वीस मुलांमागे एक मशीन असताना चुकायची मुभा फक्त त्या पडद्यावर मिळते.

पण ते शिकवणार कोण? आमच्यातले बरेच जण साध्या लेथवर घडलेले. एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे, कारण नोकरीत ते लागतं. वर्ड-एक्सेल येतं म्हणून कॅड-कॅम, म्हणजे संगणकावर आराखडा काढून त्यावरून मशीन चालवणं, शिकवता येत नाही. पुरवठादाराचा माणूस दुपारभर बटणं दाखवून, चहा पिऊन जातो. पुढे यूपीएसच्या बॅटऱ्या बसतात, सॉफ्टवेअरचं लायसन्स संपतं आणि नूतनीकरणाचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा यावर कागद फिरत राहतात. शिवाय जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या वहीत, वस्तू ज्याच्या ताब्यात, वसुलीची भीती त्यालाच. मग तो खोलीला कुलूप लावतो. त्याला आळशी म्हणणं सोपं आहे.

तासिका तत्त्वावरच्या निदेशकाची तर आणखी गंमत. पैसे तासाचे, म्हणजे प्रशिक्षणाला गेला की तेवढं मानधन बुडालं. तो कशाला जाईल?

केंद्राने मे २०२५ मध्ये १,००० सरकारी आयटीआयच्या दर्जावाढीसाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर केली. त्यात राज्यांचा वाटा २०,००० कोटी. ५०,००० प्रशिक्षकांना शिकवण्याची तरतूदही आहे, पण त्यासाठी क्षमता वाढवायच्या पाच राष्ट्रीय संस्था भुवनेश्वर, चेन्नई, हैदराबाद, कानपूर आणि लुधियानाला. महाराष्ट्रातली एकही नाही. आपल्याकडे चाकण आहे, वाळूज आहे, अंबड आहे, बुटीबोरी आहे. निदेशकांना तिथल्या कारखान्यांत महिनाभर पूर्ण पगारावर पाठवा, तासिकावाल्यांना त्या काळाचं मानधन द्या. खरेदीच्या करारातच पाच वर्षांची देखभाल आणि लायसन्स धरा. शिकवताना झालेल्या बिघाडाची वसुली निदेशकाकडून होणार नाही, असं परिपत्रक काढा. त्याला तर पैसाही लागत नाही.

आणि पुढच्या निविदेवर सही करण्याआधी प्रत्येक प्राचार्यांकडून एवढंच लेखी मागवा: गेल्या सत्रात संगणकावर कोणत्या ट्रेडचे किती तास झाले, ते कोणी घेतले, आणि आज किती यंत्रं बंद आहेत. कोपा, म्हणजे संगणक चालवण्याचाच ट्रेड, त्यातून वगळा, नाहीतर सगळे आकडे चांगलेच दिसतील.

आपला,
टर्नर ट्रेडचा एक निवृत्त शिल्प निदेशक