सट्ट्याच्या पिक्चरमध्ये गिऱ्हाईक कुठंय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत तुम्ही 'टू फॉर द मनी' हा २००५चा पिक्चर 'जरूर बघा' म्हणून सुचवला होता. अल पचिनो आहे म्हटल्यावर आम्ही जेवणं उरकून लावला. पचिनो भारीच, त्यात वादच नाही, तो नुसता फोनवर बोलत असला तरी बघत बसावं, पण पिक्चर म्हणाल तर वरून चकाचक आणि आत काही नाही.

कॉलेजात अमेरिकन फुटबॉल खेळणारा पोरगा (मॅथ्यू मॅकॉनहे), गुडघा जातो, करिअर संपतं, मग सट्टा लावणाऱ्यांना मॅचचे अंदाज सांगायला लागतो, असे अंदाज विकायचा धंदा करणारा पचिनो त्याला न्यूयॉर्कला आणतो, नवं नाव देतो, सूटबूट, गाडी, आणि पोरगं सांगेल ती टीम जिंकायला लागते. का जिंकते? तर म्हणे त्याला खेळ कळतो. बस! पुढे अंदाज चुकायला लागले की आपण त्याच्यासाठी हळहळायचं.

अहो पण खरी गोम इथेच आहे ना. अमेरिकेत साधारण ११० डॉलर लावले तर जिंकल्यावर वर १०० नफा सुटतो, म्हणजे नुसतं बरोबरीत राहायलाच शंभरातले ५२-५३ अंदाज बरोबर यावे लागतात, वर टिप देणाऱ्याचा कट वेगळा. आणि हा टिपर 'हुशार' कसा ठरतो? टेलिग्रामवर आपल्याकडे चालतं तेच बघा. १०२४ जणांना मेसेज टाकायचा, अर्ध्यांना मुंबई जिंकणार, अर्ध्यांना चेन्नई, ज्यांचं चुकलं त्यांना सोडून द्यायचं आणि उरलेल्यांना पुढच्या मॅचला परत अर्धं अर्धं. पाच मॅचनंतर ३२ जण असे उरतात ज्यांना पाचच्या पाच बरोबर आलेत, ते मग म्हणाल तेवढी फी भरतात. क्रिकेटमधलं शून्य कळत नसेल तरी हा धंदा जमतो. हे दाखवलं असतं तर पिक्चर झाला असता.

एक सीन मात्र जबरदस्त. जुगार सोडू बघणाऱ्यांची मीटिंग असते, पचिनो तिथे उठून मनापासून बोलतो (तो स्वतःही जुगारीच) आणि मग त्याच लोकांना आपलं कार्ड वाटतो. पण दिग्दर्शकाला लगेच परत पॉश ऑफिसात जायचं असतं.

गिऱ्हाईक बघायचं असेल तर आयपीएलच्या दिवसांत कोपरखैरण्याला या. टपरीवर पोरं चहा घेऊन उभी, प्रत्येकाकडे कुणीतरी दिलेला आयडी (सट्ट्याच्या साइटचं लॉगिन), तोंडात सेशन (ठरावीक ओव्हरमध्ये किती रन होणार) आणि खाया-लगाया (टीमच्या विरुद्ध की टीमवर पैसे), आणि टीव्हीवर बॉल पडायच्या आधीच मोबाइलवर सट्ट्याचा भाव हललेला असतो कारण टीव्ही काही सेकंद मागे असतो, तरी यांना वाटतं आपण पुढे आहोत. आमच्या सोसायटीतल्या एका मुलाने आधी बाईक विकली, मग आईच्या नावावर पतपेढीतून कर्ज काढलं. वसुलीवाले दोघं आले ते अगदी शांतपणे, वॉचमनला 'काका' म्हणत विचारत होते, कुठल्या मजल्यावर राहतो आणि घरी कोण कोण असतं. त्या माउलीने त्यानंतर महिनाभर दार साखळी लावूनच उघडलं. पिक्चरमध्ये असं घर एकदा तरी नीट बघायला मिळायला हवं होतं.

ऑगस्ट २०२५मध्ये केंद्राने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदीचा कायदा केला, टीम इंडियाच्या जर्सीवरून ड्रीम इलेव्हन गेलं, चांगलंच झालं. आयडीवाली पोरं टपरीवर अजून आहेतच.

जाता जाता, मॅचच्या दिवशी तुमच्या क्रीडा पानावर 'आज कोण जिंकणार' म्हणून ज्योतिषाचं भाकीत येतं, ते जरा बंद करता आलं तर बघा, आमच्याकडे ते कापून ठेवणारे लोक आहेत.

आपला,
एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई