चौथ्या वर्षाला शिकवणार कोण?

महोदय,

नवीन शैक्षणिक धोरणातली चार वर्षांची पदवी, श्रेयांक (क्रेडिट), मेजर-मायनर म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषय यांविषयी वर्तमानपत्रांतून भरपूर लिहून येते आणि ते यायलाच हवे. पण हे सगळे वर्गात उभे राहून ज्याने शिकवायचे, त्याची नेमणूकच झालेली नाही, याची चर्चा मात्र अभावानेच होते. म्हणून हे पत्र.

मी पुण्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयातून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दर जूनमध्ये कोण किती तास शिकवणार याचा, म्हणजे कार्यभाराचा तक्ता आमच्याच टेबलावर तयार व्हायचा. एकेक प्राध्यापक निवृत्त होत गेला, तशी तक्त्यात नावाच्या जागी ‘रिक्त’ आणि पुढे ‘तासिका तत्त्व’, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरते मानधन, अशी नोंद वाढत गेली. मग परवानगी, जाहिरात, मुलाखती, मान्यता. हे उरकेपर्यंत ऑगस्ट उजाडायचा आणि ऑक्टोबरात तर सत्र परीक्षा! एका ठिकाणी मिळणाऱ्या तासांवर घर चालत नाही, म्हणून हे शिक्षक सकाळी कर्वे रस्त्यावर आणि दुपारी हडपसरला धावतात. मानधनाची बिले या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात. दिवाळीच्या तोंडावर ‘साहेब, बिल निघालं का?’ असे विचारायला आलेल्या, नेट-सेट या पात्रता परीक्षा आणि पीएचडी झालेल्या माणसांना नुसत्या आश्वासनावर परत पाठवताना जीव कासावीस व्हायचा.

शासनाने २०१८ मध्ये राज्यात ३५८० सहायक प्राध्यापकांची पदे भरायला परवानगी दिली. त्यातली उरलेली २०८८ पदे भरण्यासाठी २०२१ मध्ये पुन्हा आदेश काढावा लागला. मंजुरी कागदावर आली तरी बिंदुनामावलीची (कोणते पद कोणत्या आरक्षण प्रवर्गाचे, या यादीची) तपासणी, जाहिरात, निवड समिती यांत वर्षे जातात आणि तोवर आणखी काही जण निवृत्त झालेले असतात.

नवीन शैक्षणिक धोरण स्वतःचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून लागू झाले. धोरणाला माझा विरोध नाही. विज्ञानाच्या मुलीला संगीताचे श्रेयांक मिळावेत, यात वाईट ते काय? मात्र संलग्न महाविद्यालयांतली पहिली तुकडी २०२७-२८ मध्ये चौथ्या वर्षाला पोहोचेल. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यांना तेव्हा संशोधनासह ऑनर्स ही चार वर्षांची पदवी करता येईल. त्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाची अट आहे की विभागात पीएचडीचे मान्यताप्राप्त मार्गदर्शक असलेले किमान दोन कायम अध्यापक हवेत. कायम! तासिका तत्त्वावरचा शिक्षक कितीही विद्वान असला तरी तो यात धरला जात नाही. ज्या विभागात एकच कायम प्राध्यापक उरला आहे आणि तोही निवृत्तीला टेकला आहे, तिथल्या हुशार मुलांनी काय करायचे? ऐपत असलेली खासगी विद्यापीठात जातील. जुन्नर-संगमनेरहून येऊन कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणारी मुले तीन वर्षांवरच थांबतील.

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचे शिक्षण शुल्क २०२४ पासून शासन भरते. फार चांगला निर्णय आहे तो. पण शुल्क भरून मुलगी वर्गात बसवली, तर तिच्यासमोर शिक्षकही हवा.

शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीतील (एनआयआरएफ) विद्यापीठांच्या गटात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ २०२४ मधल्या २३व्या स्थानावरून २०२५ मध्ये ५६व्या स्थानावर घसरले, तेव्हा पुण्यात मोठा गदारोळ झाला. विद्यार्थी-शिक्षक प्रमाण हा त्या क्रमवारीतला एक निकष आहे. जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवायच्या आणि क्रमांक घसरल्यावर हळहळायचे, हे मला मुळीच पटत नाही.

माझी शासनाला विनंती आहे की संलग्न महाविद्यालयांचे चौथे वर्ष सुरू होण्याआधी निदान प्रत्येक विभागात दोन कायम अध्यापक नेमावेत. तोपर्यंत तासिका तत्त्वाच्या नेमणुकांची परवानगी मे महिन्यातच द्यावी आणि मानधन दरमहा बँकेत जमा करावे. महाविद्यालयांनीही कोणत्या विषयाला किती कायम शिक्षक आहेत, हे प्रवेशाच्या वेळी सूचना फलकावर लावावे. पालकांनी प्रवेश अर्ज भरण्याआधी ही माहिती जरूर मागावी आणि आपल्या वार्ताहरांनी ती महाविद्यालयवार छापावी.

– एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सदाशिव पेठ, पुणे