कमानीजवळचा सिनेमा

बॉस्टन
प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

माझी साखर आटोक्यात आहे आणि गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो. तब्येतीचे एवढे पुरे. पत्र लिहायचे कारण वेगळे आहे. ते इथे कुणाला सांगितले तर लोक मान डोलावतील आणि विषय बदलतील. तू मात्र अण्णांच्या फिरत्या सिनेमाच्या तंबूत वाढलेला आहेस.

इथल्या चायनाटाउनच्या तोंडाशी एक मोठी कमान आहे. ती 1982 साली तैवान सरकारने भेट दिली. 2006 मध्ये काही हौशी मंडळींनी त्या कमानीजवळच्या एका रिकाम्या प्लॉटवर पडदा लावून कुंग-फूचे जुने सिनेमे फुकट दाखवायला सुरुवात केली. त्या वस्तीत पूर्वी चिनी सिनेमाची थिएटरे होती. व्हिडिओ कॅसेटी आल्या आणि ती बंद पडली, आपल्याकडे तंबूंचे झाले तसेच. लोकांनी पुन्हा एकत्र बसून सिनेमा पाहावा, एवढाच त्या मंडळींचा हेतू होता. आता हा उत्सव एका स्थानिक संस्थेच्या युवागटातली शाळकरी मुले चालवतात. आमच्या मुलीची एक मैत्रीण त्यांच्यात आहे, म्हणून ऑगस्टच्या अखेरीस मीही खुर्च्या मांडायला गेलो होतो.

काय सांगू, दत्ता! सिनेमाआधी सिंहनृत्य आणि कसरती झाल्या. लोक शेजारच्या हॉटेलांतून जेवणाचे डबे घेऊन आले, कारण उत्सवाने त्या दुकानांचा धंदा व्हावा अशीही आयोजकांची इच्छा असते. वारा आला की पडदा फुगायचा आणि सोळा-सतरा वर्षांची पोरे दोऱ्या धरायला धावायची. त्यांचे ते धावणे पाहून मला तू आठवलास, अर्ध्या चड्डीत, पुसेगावच्या जत्रेत, खुंट्यावर लाथा मारणारा. (तिसरे रीळ दुसऱ्याच्या आधी लागले होते, हे मी अजूनही म्हणतो. तू कितीही नाकारलेस तरी मेलेला खलनायक पुन्हा घोड्यावर बसून आला होता.)

शॉ ब्रदर्स या हाँगकाँगच्या कंपनीचे त्या काळचे बहुतेक सिनेमे मँडरिन या चिनी भाषेत आहेत आणि इथल्या जुन्या पिढीची बोली दक्षिण चीनमधल्या कँटनच्या बाजूची, वेगळी. त्यामुळे आजी-आजोबा पडद्याखालची चिनी ओळ वाचतात आणि नातवंडे तिच्या शेजारची इंग्रजी. दोघांनाही संवाद कानांनी पुरता कळत नाही, तरी हसू एकाच वेळी फुटते. शेजारच्या एका आजोबांनी सांगितले की त्यांच्या खेड्यात फिरता सिनेमा आला की गर्दीमुळे अर्धे लोक पडद्याच्या मागे बसत आणि सगळे उलटे पाहत, त्यामुळे नायक डावखुरा दिसे. अण्णांना हे कळले असते तर त्यांनी पडद्यामागचे तिकीट निम्म्या दराने विकले असते.

आता खरी काळजी. त्या कमानीच्या बाजूला हडसन नावाचा रस्ता आहे. 1960च्या दशकात त्याच्या एका अंगाची घरे महामार्गासाठी पाडली गेली आणि तिथली चिनी कुटुंबे पांगली. पुढे पन्नासेक वर्षांनी त्या जमिनीवर पुन्हा मोठी इमारत उभी राहिली आणि तिच्यातली काही घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळाली. त्यासाठी लोक वर्षानुवर्षे झगडले. तरी आजूबाजूला उंच, महागडे मजले चढतच आहेत आणि भाडी परवडत नाहीत, म्हणून माणसे क्विन्सी आणि मॉल्डन या गावांकडे सरकतात. सिनेमा पाहायला आलेल्यांतले बरेच जण आता मेट्रोने येतात आणि मेट्रोने परत जातात. पडदा कमानीजवळ, माणसे दूर. माझ्यासारखे परके तर डबा खाऊन छान मजा करून घरी जातात. उद्या वस्ती उरली नाही तर हा उत्सव वस्तीचा राहील की वस्तीच्या आठवणीचा?

त्या मैत्रिणीला मी हे विचारले. ती म्हणाली, "काका, आम्हीसुद्धा कॉलेजला निघून जाऊ. पुढच्या वर्षी दुसरी मुले येतील." तिला त्यात काहीच गैर वाटले नाही, मला मात्र रात्रभर झोप लागली नाही. मुले बदलत राहिली तर चालेल, तंबूतली पोरेही बदलतच होती. पण खाली बसणारी आजी गेली की तिची जागा कोण घेणार? तू म्हणशील, हा नेहमीप्रमाणे दुसऱ्याच्या घरचे रडतोय. असेन. पण आपल्या डोळ्यांदेखत एकदा हे झाले आहे, आणि तेव्हा आपण दोघेही ते न पाहता क्रिकेट खेळत होतो.

फरक एवढाच की अण्णांचा तंबू लोकांच्या मागे जाऊ शकत होता. जत्रा उठली की कनात गुंडाळायची आणि ट्रकवर चढायचे. ही मुले तसे करू शकत नाहीत, कारण त्यांचा सिनेमा त्या एका कमानीपाशीच अर्थाचा आहे. क्विन्सीच्या पार्किंगमध्ये तोच सिनेमा लावला तर ती नुसती सहल होईल. आजवर मी फिरता सिनेमा बिचारा आणि पक्की जागा भाग्याची असे समजत होतो. आता उलटे वाटते, पण खात्री नाही.

म्हणून तुला एक विचारायचे आहे. अण्णा एखादे गाव कायमचे सोडायचे ते कशावरून ठरवत? गल्ला कमी झाला म्हणून, की माणसे उरली नाहीत म्हणून? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यांना ते कळत असणार. त्यांची लाल वही माळ्यावर असेल तर गावांच्या नावांसमोर काय लिहिले आहे ते पाहा आणि पाने फोटो काढून पाठव.

सुनीताच्या नोकरीचे ऐकून बरे वाटले. विहिरीला पाणी लागले का? वहिनींना नमस्कार. तंबूचे कापड भंगारात देणार असशील तर त्याआधी फोन कर. मी भांडणार आहे.

तुझा,
बाळू