पितळ घासू नका, मोट अर्धी मांडू नका

महोदय,

पुणे जिल्ह्यात गावच्या इतिहासाची छोटी संग्रहालये शाळेच्या खोलीत किंवा जुन्या वाड्यात मांडली जातात. उत्साह मोठा असतो, पण जपणूक मात्र घरच्या दिवाळीच्या साफसफाईसारखी. हंड्या-परातींच्या काठावर ठोक्याठोक्यांनी मालकाचे नाव, गाव, कधी सालही कोरलेले असते. चिंच-मिठाने घासत राहिले की ते झिजते. कोरड्या मऊ कापडाने धूळ पुसली तरी पुरे. पाहणाऱ्यांनी बॅटरी समोरून न धरता बाजूने तिरकी धरावी, पुसट अक्षरेही उठून दिसतात.

मोटेची, म्हणजे बैलांनी विहिरीतले पाणी ओढायच्या कातडी पिशवीची, तर बहुधा दैनाच. जाड नाडा तोंडाला आणि बारीक दोर सोंडेला (खालच्या निमुळत्या कातडी नळीला), असे दोन्ही हवेत. मोट वर आली की सोंड थारोळ्यात (विहिरीच्या काठच्या कुंडात) मोकळी होऊन पाणी आपोआप पडते. बारीक दोरच नसेल, तर सोंड कशासाठी हे मुलांना कळणार कसे? कातडे उन्हाच्या झोतात टांगले की तडकते, हेही लक्षात ठेवावे.

पाभर (पेरणीचे अवजार), चाडे (त्यात बी सोडायची वाटी) अशा लाकडी वस्तूंखाली ताजा पिठासारखा भुसा दिसला, तर कीड जिवंत आहे असे समजून ती वस्तू लगेच वेगळी ठेवावी. वरून व्हार्निश मारणे हा उपाय नव्हे; उलट मुठीवरची हाताची झीजच झाकली जाते.

धान्य मोजायची शेर-पायलीची मापे ठेवताना ‘4 शेर म्हणजे 1 पायली’ एवढे तरी लिहावे. मांडणी शिकायची तर शुक्रवार पेठेतले राजा दिनकर केळकर संग्रहालय जवळच आहे. तिथले दिवे आणि अडकित्ते सावकाश पाहावेत.

– एक वाचक, पुणे