जुनी वाळलेली पाने रद्दीत घालू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात शहरातल्या एका महाविद्यालयाच्या मागच्या दाराशी रद्दीवाल्याचा टेम्पो उभा होता. प्रयोगशाळेचे नूतनीकरण चालू होते आणि जुन्या जर्नल्सच्या गठ्ठ्यांबरोबर हर्बेरियमचे, म्हणजे वाळवून टाचलेल्या वनस्पतींच्या संग्रहाचे, कागदही काट्यावर चढत होते. मी तीस वर्षे जीवशास्त्र शिकवले. पाय पुढे टाकवेना. विनंती करून बारा कागद सोडवून आणले. त्यातला एक जांभळाचा आहे. चिठ्ठीवर निळ्या शाईत 'राधानगरी, मे १९८४'. डहाळी दोऱ्याने टाचलेली, पाने तपकिरी, पण शीर न् शीर शाबूत. मागे त्या काळच्या वर्तमानपत्राचा तुकडाही चिकटून राहिला आहे.

त्या पानात १९८४ ची हवा नोंदलेली आहे. तेव्हा हवेच्या दर दहा लाख भागांत सुमारे ३४५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आता तो ४२० च्या पुढे गेला आहे. कारखानदारी सुरू होण्याआधी २८० च्या आसपास होता. पान हा वायू पर्णरंध्रांतून आत घेते आणि त्याच रंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते. वायू मुबलक असला की थोड्या रंध्रांवर भागते, पाणीही वाचते. म्हणून अनेक झाडे नव्या पानांना रंध्रेच कमी ठेवतात. इयन वुडवर्ड या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हे दाखवले ते असल्याच जुन्या कागदांवरून. इंग्लंडमधल्या काही झाडांच्या पानांवर दोनशे वर्षांत रंध्रांची दाटी सुमारे ४० टक्क्यांनी उतरली होती. पुढे मोहरीच्या कुळातल्या एका लहानशा रोपावर असेही दिसले की, हवेत वायू किती आहे हे जून पाने ओळखतात आणि उमलणाऱ्या कोवळ्या पानांना तसा निरोप धाडतात. वर्गात हे सांगताना दर वेळी माझा आवाज भरून यायचा.

'कार्बन वाढला तर पिकाला खतच की', असे आपल्याकडे सहज बोलले जाते. उसाला ते फारसे लागू नाही. हा वायू ओढून पानात एकवटण्याची सोय उसाकडे आधीपासूनच आहे (ती १९६० च्या दशकात ऑस्ट्रेलियात उसावरच उलगडली). भाताची वाढ होते, पण दाण्यातली प्रथिने, जस्त आणि लोह घटते. उसातल्या रुंद पानांच्या बऱ्याच तणांकडे मात्र भाताप्रमाणेच ही सोय नाही, म्हणून वाढत्या वायूवर तीही फोफावणार आणि भांगलणीचा खर्च वाढण्याचीच भीती जास्त.

रंध्रे मोजायला महागडे यंत्र लागत नाही. पानाच्या पाठीवर पारदर्शक नेलपॉलिशचा पातळ थर द्यायचा, वाळला की चिकटपट्टीने अलगद उचलायचा आणि काचपट्टीवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. रंध्रे मिटल्या ओठांसारखी दिसतात. जांभळाच्या कागदावरून सुटून पडलेल्या एका पानावर मी करून पाहिले. चाळीस वर्षांनीही ठसा उमटला. आकडा देत नाही, कारण उन्हातले पान आणि सावलीतले पान यांतही फरक असतो. त्याच ठिकाणची, त्याच जातीची पुष्कळ पाने हवीत.

आणि ती फक्त जुन्या संग्रहांतच आहेत. पन्हाळा, दाजीपूर, गगनबावडा, आंबा घाट इथल्या सहलींतून आपल्या मुलांनी वर्षानुवर्षे हा साठा जमवला. १९८४ चे पान आता कोणत्या झाडावर मिळणार? जिल्ह्यातल्या सर्व प्राचार्यांना हात जोडून सांगणे आहे की, जागा नसेल तर रद्दीवाल्याआधी शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाला विचारावे. कागदावरची चिठ्ठी तर मुळीच फाटू देऊ नये. ठिकाण आणि तारीख गेली की त्या पानाचा या कामाला काही उपयोग नाही.

माझ्याकडचे बारा कागद ज्या महाविद्यालयाला सांभाळायचे असतील त्यांनी न्यावेत. मुलांना ठसा घ्यायला शिकवायला मी सूक्ष्मदर्शक घेऊन कधीही येईन.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका
मंगळवार पेठ, कोल्हापूर