गोल कुणी मारला ते तरी छापा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, कापायचं झालं तर मधलं कापा, शेवटची मागणी तेवढी ठेवा.

माझा भाचा आयर्लंडात गॉलवेला असतो. मागं गणपतीला आला तेव्हा येताना एक लाकडी काठी घेऊन आला, खालून पसरट आणि वाकडी, हॉकी स्टिकची दांडगी चुलतबहीण म्हणा. तिला हर्ली म्हणतात आणि खेळाला हर्लिंग. मी उद्यमनगरात लेथवर आयुष्य काढलेला माणूस, वस्तू हातात आली की आधी ती बनवली कशी तेच बघतो. तर ऍश नावाच्या झाडाचा बुंधा जिथं मुळाकडं वळतो नेमका तिथला तुकडा घेतात, म्हणजे काठी वाकते तशी लाकडाची रेघपण वाकत जाते आणि फटका बसला तरी सहसा चिरत नाही. आपल्याकडं जुने सुतार अवजारासाठी बाभळीचं वाकडं खोड हेरून ठेवायचे, डोकं तेच.

खेळ थोडक्यात सांगतो. १५-१५ जण, क्रिकेटच्या बॉलपेक्षा जरा हलका कातडी चेंडू, तो जमिनीवरनं मारा, हवेत मारा, हातात झेला, नाहीतर काठीवर तोलत पळा. गोलपोस्ट इंग्रजी एचसारखा, आडव्या दांडीखालनं जाळीत गेला तर गोल, त्याचे ३ पॉइंट, वरनं गेला तर १. त्यामुळं स्कोअर लिहितात २-१५ असा, म्हणजे २ गोल १५ पॉइंट, एकूण २१. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं विटीदांडू, हॉकी आणि मारामारी एकत्र केलीय.

पण हे पत्र खेळाबद्दल नाही, एका पोराबद्दल आहे, आणि खरं तर त्या पोराबद्दलसुद्धा नाही, ते कळेल पुढं.

जो कॅनिंग. गॉलवे काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) पोर्टुम्ना गावचा, शॅनन नदीकाठचं दीडेक हजार वस्तीचं गाव. जन्म ऑक्टोबर १९८८ चा, आणि गंमत बघा, त्याच्या महिनाभर आधीच गॉलवेनं ऑल आयर्लंड, म्हणजे काउंट्यांमधली देशाची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकलेली आणि त्यानंतर पुढं २०१७ पर्यंत एकदाही नाही. म्हणजे कप घरात आल्यावर महिन्यात हा जन्मला आणि मग अख्खी जवानी तो परत आणण्यात गेली. मोठा भाऊ ऑली आधीच नाव काढलेला, त्यामुळं पोरावर नजरा लहानपणापासनंच. गॉलवेच्या १८ वर्षांखालच्या टीमनं २००४ ला आणि परत २००५ ला ऑल आयर्लंड मारलं त्यात हा होता, २००६ ला तिसऱ्यांदा फायनल गाठली पण टिपरेरीनं धुतलं. त्याच २००६ च्या मार्चमध्ये गावाच्या क्लबकडनं, मोठ्या माणसांच्यात, डब्लिनच्या क्रोक पार्कवर देशातल्या क्लबांची फायनल जिंकली. वय १७! आमच्याकडं सतराव्या वर्षी पोरगं बारावीचा क्लास बुडवलं म्हणून मार खात असतंय.

आता मुद्द्याची मॅच. जुलै २००८, थर्ल्स गाव, म्हणजे जिथल्या एका हॉटेलात १८८४ ला या खेळांची संघटना स्थापन झाली तेच. गॉलवे विरुद्ध कॉर्क. कॅनिंग १९ वर्षांचा, सीनियरमधलं पहिलंच वर्ष. कॉर्कचा गोलकीपर रेड कार्ड खाऊन बाहेर, दुसऱ्या हाफला त्यांचे १४ च जण, तरी कॉर्कनं ०-२३ नं मॅच काढली. गॉलवेचा स्कोअर २-१५. आणि त्यातले कॅनिंगचे एकट्याचे २-१२. हिशेब करा, २१ पैकी १८ त्याचे. बाकी सगळ्या टीमचे मिळून ३! हरलेल्या मॅचमधला पोरगा, पण आजपण तिकडं लोक त्या दिवसाबद्दल बोलतात म्हणे. वर्षाअखेरीस त्याला यंग हर्लर ऑफ द इयर दिलं आणि ऑल स्टारपण, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम १५ जणांत जागा.

आणि या सगळ्याचे पैसे शून्य. तिथं हर्लिंगला पगार नाही, लिलाव नाही, स्टार झाला तरी तो आपल्या गावच्या क्लबकडनंच खेळतो, दुसऱ्यानं जास्त पैसे दिले म्हणून तिकडं जायचा प्रश्नच नाही. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आणि शिवाजी पेठेत फुटबॉल बघत वाढलेल्याला हे समजावून सांगायला लागत नाही. पाटाकडील तालमीचा पोरगा दिलबहार तालमीकडनं खेळायला लागला तर घरात किती दिवस अबोला राहतो ते आम्हाला माहितीय. (आता बाहेरचे खेळाडू आणायचं सुरू झालंय, त्यावर वेगळं पत्र लिहीन, आत्ता नको.)

तर मी भाच्याला विचारलं, अरे २००८ च्या मॅचमधलं हे २-१२ तुला कसं ठाऊक, तेव्हा तर तू शाळेत होतास. तो म्हणाला, मामा पेपरात असतंय की सगळं, हे बघा. आणि मोबाईलवर तिकडच्या पेपरातल्या बातम्या दाखवल्या. प्रत्येक मॅचच्या खाली बारीक अक्षरात दोन्ही टीमची १५-१५ नावं, कोण कुणाच्या जागी आला, कुणी किती स्कोअर केला, त्यातले फ्रीवरनं, म्हणजे फाउलनंतर मिळालेल्या फटक्यावर, किती ते कंसात. फायनल असो नाहीतर गावातल्या पोराटोरांची असो, नावं असतातच. म्हणून कॅनिंग पंधरा-सोळा वर्षांचा असताना काय करत होता ते आज कुणालाही काढून बघता येतं.

आता माझं कात्रण सांगतो. शाळेत असताना शाहू स्टेडियमवर आमची फुटबॉलची मॅच, आम्ही ३-१ नं जिंकलो, त्यातले दोन मी मारलेले, दुसरा तर कॉर्नरवरनं आलेला डोक्यानं. दुसऱ्या दिवशी एका पेपरात आलं की 'अटीतटीच्या सामन्यात अमुक शाळेने विजय मिळवला', खाली प्रमुख पाहुण्यांची सहा नावं पदासकट, आणि शेवटी 'इतर खेळाडूंनी चांगली साथ दिली'. तो इतर म्हणजे मी. आईनं तरी कापून ठेवलं, ट्रंकेत गुलाबी कागदात अजून आहे, उघडलं की पहिल्यांदा पाहुणेच वाचायला लागतात.

आज काय वेगळं आहे? आयपीएलला पान भरून, कुठल्या बॉलरनं कुठली ओव्हर कशी टाकली ते आकडे, आणि आपल्या पोरांच्या मॅचला चार ओळी. सीनियर लीगचं तुम्ही बरं करता, ते मान्य, गोल कितव्या मिनिटाला ते पण देता, त्याबद्दल खरंच आभार. पण १४ आणि १७ वर्षांखालच्या शालेय मॅचेसचं काय? कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ ला भारताकडनं १७ वर्षांखालचा वर्ल्ड कप खेळला, उद्या कुणी विचारलं की तो बारा-तेरा वर्षांचा असताना मैदानात काय करत होता तर काढून दाखवायला काय सापडेल?

मागणी एवढीच. फोटो नको, वर्णन नको, पाहुणे तर अजिबात नको. शालेय मॅचच्या बातमीखाली दोन ओळी, दोन्ही टीमची नावं, गोल कुणी कितव्या मिनिटाला मारला. जागा नसेल तर बारीक टाइपात द्या, आम्ही चष्मा लावून वाचू. माणूस नसेल तर मी शनिवारी-रविवारी स्टेडियमवर असतोच, कोचला विचारून आडनावासकट लिहून रात्री आठच्या आत तुमच्या ऑफिसला आणून देतो, चहापण नको.

आपला एक जुना वाचक,
मंगळवार पेठ, कोल्हापूर

ता.क. पत्र छापलंत तर २-१२ चं २१२ करू नका, मागच्या महिन्यात टायब्रेकरचा स्कोअर तसाच झालेला.