ओपन इंटरेस्टला शॉर्ट इंटरेस्ट म्हणू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परवा अर्थपानावर एका कंपनीच्या फ्युचर्समधला (पुढच्या तारखेच्या सौद्यांमधला) ओपन इंटरेस्ट, म्हणजे अजून न मिटलेल्या सौद्यांची संख्या, वाढल्याचा आकडा होता आणि वर मथळा 'शॉर्ट इंटरेस्ट वाढला'! नावात इंटरेस्ट असला तरी व्याजाशी दोहोंचा संबंध नाही, आणि ते दोन्ही एकच नव्हेत. फ्युचर्सच्या प्रत्येक उघड्या सौद्यात एक घेणारा, एक विकणारा असतोच. दहा हजार सौदे उघडे, तर शॉर्ट (विकलेले) दहा हजार आणि लाँगही (घेतलेले) तेवढेच. नुसत्या त्या आकड्यावरून मंदीवाल्यांचा जोर कसा कळणार?

शॉर्ट इंटरेस्ट म्हणजे विकून टाकलेल्या, पण अजून परत न घेतलेल्या उसन्या शेअरांची संख्या. अमेरिकेत ती महिन्यातून दोनदा जाहीर होते. तिला रोजच्या सरासरी उलाढालीने भागलं की सगळे शॉर्ट कापायला, म्हणजे शेअर परत घेऊन मिटवायला, साधारण किती दिवस लागतील ते कळतं. आकडा फुगला की लोक 'आता पडणार' म्हणतात. पण शॉर्ट मारलेल्याला कधीतरी खरेदी करावीच लागते, आणि त्या खरेदीनेच भाव चढू शकतो. गेमस्टॉप या व्हिडिओ गेम विकणाऱ्या अमेरिकी कंपनीचे जानेवारी २०२१ मध्ये बाजारात फिरणाऱ्या शेअरांपेक्षाही जास्त शॉर्ट होते. (उसना घेऊन विकलेला शेअर नव्या मालकाकडून पुन्हा उसना जातो, म्हणून हे शक्य होतं.) महिन्याच्या सुरुवातीला २० डॉलरच्या आत असलेला भाव २८ तारखेला ४८३ पर्यंत जाऊन आला.

मी फोर्टात एका दलालाच्या पेढीवर कारकून होतो, तेव्हा जुनी माणसं १९८२ ची गोष्ट रंगवून सांगत. कलकत्त्याचे मंदीवाले हाती नसलेले रिलायन्सचे शेअर विकत सुटले होते. समोरच्या घेणाऱ्यांनी सौदा पुढे ओढायला नकार दिला आणि सरळ डिलिव्हरी मागितली. विकलेल्या शेअरांचे कागद होते कुठे? मुंबईचा बाजार तीन दिवस बंद राहिला.

सौदा असा पुढे ओढायची ती पद्धत, म्हणजे बदला, २००१ मध्ये संपली. आता कॅशमधला (फ्युचर्स नव्हे, थेट शेअरांच्या बाजारातला) शॉर्ट त्याच दिवशी कापावा लागतो, नाहीतर शेअर उसने घ्यावे लागतात. नाही दिले तर ऑक्शन, म्हणजे ते शेअर लिलावात घेऊन भरले जातात. ही उसनवारीची सोय २००८ पासून आहे, पण तिथे वर्दळ बेताचीच. त्यामुळे अमेरिकेसारखा आकडा आपल्याकडे सहज हाती लागत नाही, हे मान्य. मग मथळ्यात 'ओपन इंटरेस्ट' एवढंच छापावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त कारकून, डोंबिवली